घरांतील बंदूक : हाताशीं, पण कुलपांत

सह्याद्रीच्या पायथ्याशीं व कोंकणपट्टींत ज्यांची शेती रानाला लागून आहे, त्यांच्या अवजारांत नांगर, कुळव व कोयती यांच्या बरोबरीनें बंदुकीचीही गणना करावी लागते. भात पोटरींत आलें कीं रानडुकरांचे कळप डोंगरावरून खालीं उतरतात. नारळीपोफळींत वानर शिरतात. आणि एका रात्रींत झालेली नासाडी भरून काढावयास पुढचा हंगाम उजाडावा लागतो. सिंधुदुर्ग, रत्नागिरी व गोवें या भागांत पिकाच्या राखणीसाठीं परवान्यावर दिलेल्या बंदुका पुष्कळ घरांतून वडिलोपार्जित चालत आल्या आहेत. त्यांस लोक 'शेतीसंरक्षक बंदूक' असेंच म्हणतात.

परवाना कसा मिळवावा, त्याचें नूतनीकरण कोठें करावें, याची विचारपूस शेतकरी बंधु नेहमीं करतात. परंतु बंदूक घरीं आल्यावर ती ठेवावी कोठें, या प्रश्नाचा विचार फारच थोडे करतात. कोणी ती ओटीच्या खुंटीवर टांगतो, कोणी माळ्यावर टाकतो, तर कोणी गादीखालीं घेऊन निजतो. घरधन्याच्या मनांत तीन इच्छा एकाच वेळीं असतात : बंदूक चोराच्या नजरेस पडूं नये, मुलाच्या हातीं लागूं नये, आणि प्रसंग आला म्हणजे आपल्या हाताला मात्र चटकन लागावी. या तिन्ही गोष्टी एकत्र साधणें अशक्य आहे, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. थोडा खर्च व थोडी शिस्त पत्करल्यास तिन्ही साधतात; आणि त्या कशा साधाव्या, हेंच या लेखांत सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

कायद्याची चौकट

इंग्रजी अमदानींत १८७८ चा हत्यारांचा कायदा होता. त्याच्या जागीं १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आहे. या अधिनियमाच्या तेराव्या कलमांत शेतकऱ्याचा स्पष्ट विचार केलेला आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद तेथें आहे. आणि ठासणीची बंदूक या कामास पुरी पडणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, जिची नळी आंतून गुळगुळीत असून वीस इंचांहून आंखूड नाहीं, अशी दुसरी बंदूकही देतां येते. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसाजवळ असावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणिली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें केली.

बंदूक ठेवण्याच्या दृष्टीनें कायद्यांतील तीन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, परवाना घराला मिळत नसून माणसाला मिळतो. परवान्यावर ज्याचें नांव नाहीं असा भाऊ, मुलगा अथवा गडी यानें ती बंदूक आपल्या मर्जीनें उचलून रानांत नेली, तर तो गुन्हा होतो. आणि उचलणारा एकवीस वर्षांच्या आंतील असेल तर प्रकरण अधिकच बिघडतें. म्हणजे "घरांतील सर्वांना सांपडेल अशा जागीं ठेवूं" हा विचारच मुळांत कायद्याला धरून नाहीं. दुसरी ही कीं, २०१६ च्या शस्त्र नियमांनीं परवाना मागणाराला हत्यार सुरक्षितपणें हाताळण्याचें व ठेवण्याचें शिक्षण घेणें आवश्यक केलें आहे. बंदूक नीट ठेवणें ही परवान्याबरोबर अंगावर आलेली जबाबदारी आहे. ती घरधन्याच्या खुषीची बाब राहिलेली नाहीं. तिसरी ही कीं, बंदूक अथवा काडतुसें चोरीस गेलीं किंवा हरवलीं, तर विलंब न लावतां जवळच्या पोलीस ठाण्यावर वर्दी दिली पाहिजे. जो बंदूक माळ्यावर टाकून सहा सहा महिने तिकडे फिरकत नाहीं, त्याला ती केव्हां गेली हें तरी कसें कळणार?

येथेंच एक खुलासा करणें इष्ट आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाप्रमाणें अधिकारी मनुष्याच्या लेखी परवानगीवांचून रानडुक्कर मारणें हा गुन्हा आहे, मग तें आपल्याच भातांत कां शिरलेलें असेना. तसेंच, "कुर्गांत परवाना लागत नाहीं, मग आम्हांलाच कां?" असा प्रश्न कांहीं जण करतात. कुर्गांतील कोडव लोक व तेथील जम्मा जमिनीचे धारक यांना परवान्याची सूट फार जुनी असून २०१९ सालीं केंद्र सरकारनें ती २०२९ पर्यंत चालू ठेविली, हें खरें. पण ती सूट त्या मुलखापुरती व त्या लोकांपुरती आहे. आपल्याकडे परवान्यावांचून गत्यंतर नाहीं.

लपविण्याच्या नेहमींच्या जागा

आपल्या घरांतून बंदूक लपविण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या एकेक करून तपासून पाहूं.

ओटीवरची खुंटी अथवा दाराआडचा कोपरा. ही जागा सर्वांत हाताशीं आहे, आणि तोच तिचा दोष आहे. ओटीवर आल्यागेल्याचा राबता असतो. पाहुणा, फेरीवाला, मजूर या सर्वांना बंदूक दिसते व ती कोठें आहे हें गांवभर होतें. चोर रात्रीं आंत शिरला म्हणजे घरधनी जागा होण्यापूर्वीं तोच तिच्यापाशीं पोंचतो. आपल्या रक्षणासाठीं ठेवलेलें हत्यार अशा रीतीनें आपल्यावरच उलटतें.

माळा व तुळई. बंदूक माळ्यावर असली कीं ती नजरेआड होते, हें कबूल. परंतु माळ्यावर मुलें चढत नाहींत असें कोणीं सांगितलें? आंबे पिकत घालावयास, सुकी लांकडें काढावयास, लपंडाव खेळावयास तींच आधीं वर जातात. चुलीचा धूर व कौलांतून झिरपणारें पाणी यांमुळें लोखंड गंजतें. शिवाय काळोखांत शिडीवरून एका हातानें बंदूक खालीं ओढतांना तिचें तोंड ओढणाराच्या छातीकडेच येतें. भरलेली बंदूक तुळईवरून खालीं पडली तर काय होईल, हें सांगावयास नको.

भाताची कणगी, कोठी अथवा गवताची गंजी. धान्याचा दमटपणा व कोंडा बंदुकीच्या कळींत शिरून ती अडकते. घरांतील बायामाणसांचा हात कणगींत रोज जातो. गंजी तर घराबाहेर असते. तेथें बंदूक ठेवणें म्हणजे ती सोडून देणेंच होय. शेतांतील मांगर व राखणीचा माळा यांनाही हाच न्याय लागू आहे. राखण संपली कीं बंदूक माणसाबरोबर घरीं आली पाहिजे.

गादीखालीं व उशाशीं. घाईचा विचार करणारे लोक ही जागा पसंत करतात. परंतु गाढ झोपेंतून दचकून उठलेल्या माणसाला दारांत उभी राहिलेली आकृति चोराची आहे कीं पाण्याला उठलेल्या आपल्याच मुलाची आहे, हें पहिल्या क्षणीं कळत नाहीं. त्या क्षणीं हातांत बंदूक नसणें हेंच श्रेयस्कर. कुलूप काढण्यास लागणारा अर्धा मिनिट डोळ्यांवरची झोप उडवावयास उपयोगीं पडतो.

फडताळ व देवघरामागील कोनाडा. या जागा गुप्त वाटतात; पण घरफोडी करणाऱ्याला त्या पाठ असतात, कारण दागिने व रोकडही लोक तेथेंच ठेवतात. त्यानें फडताळ दागिन्यांसाठीं फोडलें तर बंदूक त्याला वर आयतीच मिळते.

सारांश, लपविलेली वस्तु परक्याला कदाचित् सांपडणार नाहीं. पण घरांतील माणसाला ती आज ना उद्यां सांपडतेच.

मुलांना ठाऊक नसतें काय?

"बंदूक कोठें आहे हें आमच्या मुलांना ठाऊक नाहीं," असें आईबाप खात्रीनें सांगतात. या खात्रीची परीक्षा अमेरिकेंत झालेली आहे. तेथील अलाबामा संस्थानाच्या ग्रामीण भागांत आईबाप व मुलें यांना वेगवेगळे प्रश्न विचारून केलेली एक पाहणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली. बंदूक कोठें ठेविली आहे हें मुलाला माहीत नाहीं असें ज्या आईबापांनीं सांगितलें, त्यांपैकीं शेंकडा ३९ जणांच्या मुलांनीं ती जागा आपणांस ठाऊक असल्याचें सांगितलें. मुलानें बंदुकीला कधीं हात लावला नाहीं असें म्हणणाऱ्यांपैकीं शेंकडा २२ जणांचीं मुलें आपण ती हाताळली आहे असें म्हणालीं.

दुसरा प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांचे लहान लहान गट करून त्यांना एका खोलींत सोडलें व तेथील खणांत एक खरें, पण निरुपद्रवी केलेलें पिस्तुल ठेवून दिलें. २९ गटांपैकीं २१ गटांना तें सांपडलें. त्यांतील १६ गटांनीं तें हाताळलें, आणि १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, ज्यांनीं तें हाताळलें वा चाप ओढला, त्या मुलांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिकांस बंदुकीच्या धोक्याबद्दल पूर्वीं कांहींना कांहीं समज दिलेली होती. मुलांना समज देणें अवश्य आहेच, पण केवळ तेवढ्यावर विसंबून राहतां येत नाहीं.

तिसरें संशोधन २००५ सालचें. बंदूक कुलपांत ठेवणें, ती रिकामी ठेवणें, काडतुसें कुलपांत ठेवणें आणि काडतुसें बंदुकीपासून वेगळ्या जागीं ठेवणें, या चार संवयी त्यांत तपासल्या होत्या. ज्या घरांत त्या पाळल्या जात, तेथें मुलांचे व तरुणांचे अपघात आणि आत्मघात यांचें प्रमाण कमी आढळलें. आणि चारांपैकीं प्रत्येक संवय स्वतंत्रपणेंही उपयोगी ठरली.

हे आंकडे परदेशचे असले तरी मुलाचा स्वभाव सर्वत्र सारखाच. आपल्याकडे तर गणपति, शिमगा व मे महिना या काळांत मुंबईकर चाकरमान्यांचीं मुलें गांवच्या घरीं येतात. घरच्या मुलाला बंदुकीची थोडीबहुत भीति असते. शहरांतून आलेल्या मुलाला केवळ कुतूहल असतें. घर भरलेलें, मोठीं माणसें आरतींत अगर स्वयंपाकांत गुंतलेलीं, आणि मुलें माळ्यावर. असा तो काळ असतो. ज्या घरांत एरव्हीं लहान मूल नाहीं त्यांनींही हें ध्यानांत ठेवावें.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. पीक बुडालें, कर्ज थकलें, घरांत कलह झाला, अशा वेळीं माणसाचें मन एखाद्या घटकेस अगदीं काळवंडतें. ती घटका टळली तर माणूस वांचतो. आपल्या खेड्यांतून अशा वेळीं जंतुनाशक औषधाच्या बाटलीनें किती घात केला आहे, हें वाचकांस विदितच आहे. ती बाटली जशी कुलपांत हवी, तशीच बंदूकही. घरांतील कोणी, मग तो परवान्याचा धनी कां असेना, फार उदास दिसूं लागला, तर बंदूक कांहीं दिवस परवानाधारक व्यापाऱ्याकडे अथवा पोलीस ठाण्यावर पावती घेऊन ठेवून द्यावी, आणि त्या माणसाला एकटें सोडूं नये. यांत कमीपणा कांहीं नाहीं.

घाई खरोखर किती असते?

आतां मुख्य आक्षेपाकडे वळूं. "डुकरें शेतांत शिरलीं असतां कुलूपकिल्ली शोधीत बसावें काय?" असें विचारलें जातें. याचें उत्तर हिशोबानेंच द्यावें. डुकरें शेतांत शिरतात, घरांत शिरत नाहींत. घरापासून शेतापर्यंत चालत जावयास पांच ते दहा मिनिटें सहज लागतात. त्यापूर्वीं विजेरी घ्यावी लागते, पायांत कांहीं घालावें लागतें, सोबती उठवावा लागतो. या सगळ्यांत कुलूप काढावयाचा अर्धा मिनिट कोठें भारी झाला?

ठासणीच्या बंदुकीच्या बाबतींत तर घाईचा प्रश्नच निराळा आहे. दारू, डट्टा, छरे घालून गजानें ठासावयास वेळ लागतो. म्हणून पुष्कळ लोक ती संध्याकाळींच भरून ठेवतात व डुकरें न आल्यास तशीच दोन दोन आठवडे टांगून ठेवतात. या संवयींतूनच अपघात होतात. केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, हा समज चुकीचा आहे. आंतील दारू तशीच असते, आणि कोणा अजाण हातानें केप बसविली कीं ती उडण्यास सिद्ध होते. बंदूक शेताच्या बांधावर भरावी आणि घराकडे परतण्यापूर्वीं तेथेंच, समोर मातीचा उंच बांध पाहून, रिकामी करावी. बंदूक रिकामी आहे कीं नाहीं हें ओळखण्याची जुनी युक्ति उत्तम आहे : नळी रिकामी असतां तोंड आपल्या अंगापासून दूर ठेवून गज आंत सोडावा व नळीच्या तोंडाशीं गजावर एक खूण करून ठेवावी. पुढें गज त्या खुणेपर्यंत गेला नाहीं, तर आंत कांहीं आहे असें समजावें.

चोरदरोड्याच्या भीतीबद्दल म्हणावयाचें तर घराचें पहिलें रक्षण मजबूत दार, चांगला अडसर, अंगणांतील दिवा, जागा कुत्रा आणि शेजाऱ्यांची हांक यांनींच होतें. पोलिसांची मदत मागण्यासाठीं ११२ हा क्रमांक आहे. तो घरांतील प्रत्येकाला पाठ असावा. बंदूक या सर्वांच्या मागून येते.

ज्यांना तरीही शंका वाटते त्यांनीं एक परीक्षा करावी. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून ती पेटींत ठेवावी, दिवा मालवावा, अंथरुणावर पडावें आणि घड्याळ लावून उठून कुलूप काढून पाहावें. चार रात्रीं हा सराव केला म्हणजे हाताला वाट ठाऊक होते व काळोखांतही वेळ फारसा लागत नाहीं. हाताशीं असणें याचा खरा अर्थ असा आहे : वस्तु उघडी असणें नव्हे, तर तिची जागा व किल्ली निश्चित असणें.

पेटी कशी असावी व कोठें बसवावी

उत्तम साधन म्हणजे पोलादी पत्र्याचें उभें, अरुंद कपाट. विलायतेंत बंदूक कुलपांत ठेवण्याची अट परवान्यालाच जोडलेली आहे व तेथील कपाटांसाठीं ब्रिटिश मानक ७५५८ ठरलेलें आहे. त्यांत पत्रा दोन मिलिमीटरांहून पातळ चालत नाहीं. ऑस्ट्रेलियांत १९९६ च्या एप्रिलांत पोर्ट आर्थर येथें ३५ माणसें मारलीं गेल्यावर सर्व प्रांतांनीं मिळून जो करार केला, त्यांतही बंदूक कुलपांत व काडतुसें निराळ्या कुलपांत, हा नियम आहे. आणि तेथील शेतकरी तो पाळून आपलीं शेतें राखीत आहेत. आपल्याकडे तालुक्याच्या गांवचा लोखंडी कपाटें करणारा कारागीर असें कपाट मापाबरहुकूम करून देऊं शकतो. त्याला पुढील गोष्टी सांगाव्या.

लांबी बंदूक मोजूनच ठरवावी. ठासणीची बंदूक बहुधा अधिक लांब असते. मधोमध मोडणारी काडतुसाची बंदूक मात्र नळी व दस्ता निराळे करून आंखूड पेटींतही ठेवतां येते, आणि तसें ठेवल्यास ती चोराच्याही लवकर उपयोगीं पडत नाहीं. दाराच्या बिजागऱ्या आंतल्या बाजूस असाव्या. कुलूप अंगचें असावें. बाहेर लोंबणारें कुलूप पहारीनें तुटतें. वरच्या व खालच्या अंगास बारीक भोकें ठेवावीं, म्हणजे हवा खेळेल. बंदूक टेकेल तेथें लांकडाची खांच करून वर नमदा लावावा. काडतुसांसाठीं वेगळ्या किल्लीची लहान पेटी निराळी करवून घ्यावी.

कपाट भिंतीला जखडलें नाहीं तर चोर तें उचलून नेतो व सावकाश फोडतो. म्हणून पाठीमागून, आंतल्या बाजूनें, निदान चार ठिकाणीं तें भिंतीस बसवावें. मातीच्या भिंतींत खिळा धरत नाहीं. तेथें स्क्रू आरपार घालून पलीकडून लोखंडी पट्टी द्यावी, किंवा कपाट घराच्या जाड खांबास जखडावें. जांभ्या दगडाची भिंत मऊ असते. तींत लांब स्क्रू घेऊन भोंकांत सिमेंट भरून बसवावे.

जागा निवडतांना पावसाच्या माऱ्याची भिंत, चुलीजवळची भिंत व न्हाणीलगतची भिंत वर्ज्य करावी. घरधनी निजतो त्या खोलींतील आंतली भिंत सर्वांत चांगली. लपविण्याचा खरा उपयोग येथें आहे. पोलादी कपाट एखाद्या लांकडी कपाटाच्या आंत, टांगलेल्या कपड्यांच्या मागें बसवावें. म्हणजे पाहुण्याच्या नजरेस तें पडत नाहीं व गांवांत चर्चा होत नाहीं. कुलूप आधीं, आड नंतर, हा क्रम मात्र सोडूं नये. कपाट करणाऱ्या कारागिराला तें कशासाठीं आहे व कोठें बसवावयाचें आहे, हें सांगत बसण्याचें कारण नाहीं. मापें सांगितलीं म्हणजे झालें.

किल्लीचा प्रश्न

कपाट कितीही भक्कम असलें तरी किल्ली देवाच्या तसबिरीमागें ठेविली असेल, तर सर्व व्यर्थ आहे. घरांतील मुलाला तसबिरीमागची किल्ली तिसऱ्या दिवशीं ठाऊक होते. आपले वाडवडील तिजोरीची किल्ली करगोट्याला बांधीत. बंदुकीच्या किल्लीला याहून चांगली जागा नाहीं. दुसरी किल्ली घरांत न ठेवतां मोहोरबंद पाकिटांत बँकेच्या पेटींत ठेवावी.

आंकड्यांचें कुलूप घेतल्यास किल्लीची कटकट टळते व काळोखांत बोटांनीं चाचपून तें उघडतां येतें. पण त्याचा आंकडा जन्मसाल, घरनंबर किंवा शेताचा सर्व्हे नंबर असा ठेवूं नये. मुलें हे आंकडे आधीं लावून पाहतात. विजेवर चालणारीं कुलुपें बॅटरीवर अवलंबून असतात व कोंकणच्या दमट हवेंत ती दगा देण्याचा संभव असतो. तीं घेतलीं तर दर पावसाळ्यापूर्वीं बॅटरी बदलावी.

दारू, केपा व काडतुसें

काडतुसें वेगळ्या पेटींत व तींही मोजून ठेवावीं. एक लहान वही पेटींतच असावी व आणलीं किती, उडविलीं किती, शिल्लक किती, हें त्या त्या दिवशीं लिहावें. अधिकाऱ्यानें हिशोब विचारला तर ही वही उपयोगीं पडते, आणि एखादें काडतूस नाहींसें झालें तर तें त्याच दिवशीं कळतें. काळी दारू ठिणगीलाही पेट घेते. म्हणून ती परवान्यांत बसेल तेवढीच, थोडी, घट्ट झांकणाच्या डब्यांत, चूल, समई व विजेचा खटका यांपासून दूर ठेवावी. केपा दारूच्या डब्यांत कधींही ठेवूं नयेत. राखणीहून परत आल्यावर सदऱ्याच्या खिशांत राहिलेली एखादी केप वा काडतूस धुण्याच्या वेळीं मुलांच्या हातीं पडतें. म्हणून खिसे तपासल्यावांचून सदरा खुंटीला लावूं नये.

पावसाळ्यांतील निगा

कुलुपांत ठेविलेली बंदूक विसरली जाते, हा एक दोष आहे. काळ्या दारूची राख हवेंतील ओल शोषून घेते व एका आठवड्यांत नळी आंतून गंजूं लागते. वापर झाल्यावर त्याच दिवशीं नळी गरम पाण्यानें धुवावी, कोरड्या फडक्यानें पुरती पुसावी व तेलाचा पातळ हात द्यावा. जाड कापडाच्या अथवा चामड्याच्या गवसणींत बंदूक पावसाळाभर ठेवूं नये; गवसणी ओल धरून ठेवते. पंधरा दिवसांतून एकदां ती बाहेर काढून पुसावी.

नळी नेहमीं आरपार पाहावी. कुंभारमाशी बारीक भोकांतून आंत शिरून नळींत मातीचें घर करते. दिसावयास तें क्षुल्लक, पण अशी अडलेली बंदूक उडविल्यास नळी फुटून उडविणाराचा हात जातो. गंजून खड्डे पडलेली नळीही अशीच धोक्याची असते. ती परवानाधारक कारागिराला दाखवावी.

घर बंद असतां, निवडणुकींत व धन्याच्या मागें

सर्व कुटुंब परगांवीं जात असेल व घर महिनाभर बंद राहणार असेल, तर उत्तम कपाटाचाही भरंवसा धरूं नये. चोराला वेळ मिळाला कीं पोलादही फुटतें. अशा वेळीं बंदूक परवानाधारक व्यापाऱ्याकडे पावती घेऊन ठेवावी.

निवडणुकीच्या काळीं जिल्ह्यांतील परवान्यांची छाननी होते व ज्यांना हुकूम होईल त्यांना बंदुका जमा कराव्या लागतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली व मतदान २० नोव्हेंबरला झालें. म्हणजे कोंकणांत भात कापणीचे व झोडणीचे दिवस नेमके त्यांतच आले. आपल्या पिकाची अडचण असेल तर ती लेखी कळवावी. पण हुकूम कायम राहिल्यास बंदूक लपवून ठेवूं नये. जमा करतांना पावती घ्यावी, बंदुकीची स्थिति पावतीवर लिहून घ्यावी, व मुदत संपतांच ती परत आणावी.

परवान्याची मुदत संपली किंवा परवाना रद्द झाला, तर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यावर अथवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा केली पाहिजे. धनी वारला असतां घरांतील माणसें दुःखांत हें विसरतात आणि बंदूक वर्षानुवर्षें तशीच बिनपरवाना राहते. वारसाला आपल्या नांवें परवाना मागतां येतो. धन्यानें सत्तर वर्षें ओलांडलीं किंवा बंदूक पंचवीस वर्षें बाळगली, तर हयातींतच ती वारसाच्या नांवें करण्यासाठीं अर्जही करतां येतो. म्हातारपणीं दृष्टि अधू झाल्यावर हा अर्ज करणें शहाणपणाचें आहे.

नित्य पाळावयाचे नियम

१. बंदूक रिकामी करूनच घराच्या उंबऱ्याच्या आंत आणावी.
२. बंदूक एका कुलपांत, काडतुसें व केपा दुसऱ्या कुलपांत ठेवाव्या.
३. किल्ली अंगावर असावी. आंकडा मनांत असावा.
४. ज्याचें नांव परवान्यावर नाहीं, त्याला जागा सांगूं नये.
५. दर पंधरा दिवसांनीं बंदूक पाहावी, पुसावी व काडतुसें मोजावीं.
६. पाहुणे व मुलें घरीं येण्यापूर्वीं कुलूप ओढून पाहावें.
७. परवान्याची तारीख पंचांगावर लिहून ठेवावी.

हे नियम पाळावयास फारसा पैसा लागत नाहीं. एका चांगल्या पोलादी कपाटाचा खर्च एका बैलाच्या किंमतीच्या कितीतरी आंत येतो, आणि तें कपाट नातवाच्या काळापर्यंत टिकतें. राखणीची बंदूक ज्या पिकासाठीं आहे, तें पीक आपण मुलाबाळांच्या मुखांत घांस पडावा म्हणून करतों. तेव्हां या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक परवानाधारक वाचकानें आपल्या घरांतील बंदुकीची जागा एकदां डोळ्यांखालून घालावी, आणि ती खुंटीवर, माळ्यावर अथवा गादीखालीं असेल तर भाताची पेरणी सुरू होण्याच्या आंत ती कुलपांत जाईल अशी व्यवस्था करावी, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंति आहे.